मॉनिटर गिऱ्हाइकाकडे, तोंड भिंतीकडे

कॉम्प्युटरचा डबा उघडून, दुरुस्त करून परत बंद केला की एखादा स्क्रू उरतोच. कुठून निघाला देव जाणे. मशीन व्यवस्थित चालतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि स्क्रू आपल्या हातात राहतो. आमच्या दुकानात अशा स्क्रूंनी श्रीखंडाचे दोन डबे भरले होते. किस्स्यांचंही तसंच झालं. काम संपलं, माणूस गेला, किस्सा उरला. तो टाकवतही नाही आणि कुठे बसवताही येत नाही.

दुकान नाशकात एम. जी. रोडला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मालकीण सुलभाताई. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षं ऑपरेटर होत्या. लवकर निवृत्ती घेतली आणि लोणची-पापडाचा उद्योग काढायचं सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. मी त्यांचा एकुलता एक मेकॅनिक. त्याआधी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे मशीन उघडलं की आतून फक्त ऑइल निघायचं. इथे उघडलं की माणसं निघायला लागली.

त्यात मी मूळचा भोचक. आई म्हणायची, "शेजारच्या कुकरला शिट्ट्या किती झाल्या हे आमच्या ह्याला विचारा." अशा माणसाला सुलभाताईंनी जे काम दिलं ते म्हणजे मांजराला दुधाची राखण. बंद पडलेल्या कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला जोडायची आणि त्यात साठवून ठेवलेले पासवर्ड बाहेर काढायचे. कारण लोक काय करायचे, पासवर्ड एकदाच टाकायचे, 'लक्षात ठेव' वर टिचकी मारायचे आणि स्वतः विसरून जायचे. स्क्रीनवर नुसत्या चांदण्या दिसायच्या. मशीन मेलं की चांदण्याही गेल्या. माझ्याकडे फ्लॉपीवर एक छोटासा प्रोग्रॅम होता. तो चालवला की चांदण्या जाऊन खाली लपलेली अक्षरं उघडी पडायची.

*

पहिलंच गिऱ्हाईक इंदिरानगरचं. नवीन लग्न झालेला इंजिनियर आणि सोबत त्याचे सिन्नरचे सासरे. कॉम्प्युटर दिवाळसणाला सासऱ्यांनीच दिलेला, त्यामुळे तो बिघडल्यावर जबाबदारी आपलीच, असं समजून सासरे धोतर सावरत जिना चढून आले होते. इंटरनेटच्या कनेक्शनचा पासवर्ड हवा होता.

मी प्रोग्रॅम चालवला. चांदण्या गेल्या. मला काय, नवीन नवीन उत्साह! मी मोठ्याने एकेक इंग्रजी अक्षर वाचायला लागलो. "लिहून घ्या. एस, ए, एस, आर, ई..." पाचव्या अक्षराला जावईबापूंना खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, पाणी घ्या, आणि पुढे वाचत राहिलो. सासरे मोठ्या कौतुकाने आपल्या खिशातल्या डायरीत लिहून घेत होते. माझं वाचून झालं. त्यांनी चष्मा वर केला आणि डायरीतली अक्षरं जोडून शांतपणे वाचली.

"सासरे कंजूस."

जावई जमिनीकडे बघत होता. सासऱ्यांनी डायरी मिटून खिशात ठेवली आणि मला विचारलं, "काय हो, ह्याच्याबरोबर प्रिंटरसुद्धा मीच दिलाय. तो पासवर्डात बसला नाही का?"

ते दोघं गेल्यावर सुलभाताईंनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "आम्ही ट्रंक कॉल जोडायचो. बावीस वर्षं अख्खं नाशिक माझ्या कानातून गेलं. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचा भाऊ पळाला, सगळं. एक शब्द एक्स्चेंजच्या दाराबाहेर आणला नाही. आजपासून तुमचंही तेच. पासवर्ड निघाला की मॉनिटर गिऱ्हाइकाकडे फिरवायचा आणि आपण तोंड भिंतीकडे करायचं."

मी म्हटलं, "ताई, मी काय शिक्षा झालेला पोरगा आहे का?"

"नाही. तुम्ही भोचक आहात," ताई म्हणाल्या.

झालं. भिंतीवर एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. पुढच्या सहा वर्षांतल्या सगळ्या एकादश्या माझ्या तोंडपाठ झाल्या.

*

गंगापूर रोडचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना नुसती भिंत पुरेना. "तुम्ही मध्येच वळून बघितलंत तर?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून पंचा काढला, वाफारा घेतात तसा स्वतःच्या डोक्यावर आणि मॉनिटरवर मिळून ओढून घेतला आणि आत शिरले.

आतून बराच वेळ काही आवाज येईना. मी भिंतीशी, ताई टेबलाशी, सर पंच्यात. पाच मिनिटांनी मी घाबरून विचारलं, "सर, बरे आहात ना?"

"इथे काहीच नाही हो."

"चांदण्या गेल्या का?"

"चांदण्या नव्हत्याच. जागा रिकामी आहे."

म्हणजे सरांनी पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता. मशीन सुरू केलं की खिडकी यायची, ते एंटर दाबायचे, खिडकी जायची. नवीन मशीनवर ते होईना, म्हणून पासवर्ड विसरलो असं समजून महिनाभर आठवत बसले होते. पंचा बाजूला करून घामेघूम चेहऱ्याने ते बाहेर आले आणि म्हणाले, "चार वर्षं मी कुलूप न लावता नुसती कडी हलवून बघत होतो म्हणा ना."

जाताना मात्र दारातून परत फिरले आणि हळूच म्हणाले, "रिकामं होतं हे कोणाला सांगू नका."

*

बर्वेबाईंचा किस्सा मला अजून उमगलेला नाही. बाई एका वकिलांकडे मराठी टायपिस्ट. टाइपरायटरवर आयुष्य गेलं, मग वकिलांनी कॉम्प्युटर घेतला तर त्याच्यावर मराठी फाँटने तशाच खडाखड चालायच्या. कीबोर्डकडे बघायच्या नाहीत. जुनं मशीन जळलं. त्यात वकिलांच्या सगळ्या दाव्यांची फाइल होती, पासवर्ड घातलेली, आणि बाईंना पासवर्ड काही केल्या आठवेना.

मी तो काढला, मॉनिटर फिरवला आणि एकादश्या बघत उभा राहिलो. मागून बाई म्हणाल्या, "शी! हे माझं नाही. ही नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं आहेत. मी इंग्रजीत कशाला ठेवीन?"

मी पाठमोराच सांगितलं की बाई, हेच आहे. त्या ऐकेनात. कागदावर उतरवून घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, अर्थ लागेना. शेवटी ताई उठल्या. त्यांनी स्क्रीन बंद केला आणि बाईंना म्हणाल्या, "डोळे मिटा. ऑफिसात आल्या आल्या पहिलं काय करता?"

"पर्स खुंटीला अडकवते."

"अडकवा."

बाईंनी मिटल्या डोळ्यांनी पर्स माझ्या हातात दिली.

"मग?"

"मग खुर्ची पुढे घेते," म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि बोटं कीबोर्डवर पडली. आठ वेळा खट खट झालं. ताईंनी स्क्रीन लावला तर फाइल उघडलेली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राहवेना. मी विचारलं, "बाई, त्याच कळांवर मराठीत काय लिहिलंत हो?"

त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत. बोटांना विचारा." आणि पर्स घेऊन गेल्या.

*

आता फ्रीजरचं सांगतो. काही हार्ड डिस्क अशा बिघडतात की थंडगार केल्या तर दहा-पंधरा मिनिटं चालतात. तेवढ्या वेळात काय काढायचं ते काढून घ्यायचं. खात्री काही नाही, पण अडला हरी. आमच्याकडे फ्रीज नव्हता. खाली दोन दुकानं होती, एक औषधांचं आणि एक अंडी-चिकनचं. औषधवाला म्हणायचा, माझ्या फ्रीजमध्ये इंजेक्शनं असतात, तुमचं लोखंड नको. चिकनवाला रफिकभाई मात्र दिलदार. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून डिस्क दिली की कोपऱ्यात ठेवून द्यायचा.

पंचवटीचे एक शास्त्रीबुवा आले. त्र्यंबकला विधी करायला जे यजमान यायचे, त्यांच्याशी त्यांचा ईमेलवर पत्रव्यवहार. गुजरातेतून, दिल्लीहून लोक तिथी विचारायचे. डिस्क आचके देत होती. मी म्हटलं, हिला फ्रीजरमध्ये ठेवावं लागेल.

"कोणाच्या?" शास्त्रीबुवांनी पहिला प्रश्न विचारला.

मी ताईंकडे बघितलं. ताईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सांगून टाकलं.

शास्त्रीबुवांनी पिशवीतून तांब्या काढला. "गंगेचं पाणी आहे. वर आणल्यावर थोडं शिंपडलं तर?"

"शास्त्रीबुवा," ताई म्हणाल्या, "तेवढं एक सोडून बाकी काहीही करा."

दोन तासांनी मी डिस्क वर आणली. ती अकरा मिनिटं चालली. पासवर्ड निघाला, मॉनिटर फिरला, मी भिंतीकडे, आणि मागे शास्त्रीबुवा पुटपुटत लिहून घेत होते. खुशीत होते. निघताना चपला घालून दारात थांबले.

"पुन्हा कधी बिघडली, तर पुन्हा तिथेच ठेवावी लागेल?"

"हो," मी म्हटलं.

"मग पुढच्या वेळी आम्हाला सांगू नका."

*

विंचूरचे चौघे भाऊ. कांद्याचे व्यापारी, एकत्र कुटुंब, एक चूल, एक पेढी आणि एकच कॉम्प्युटर. तो कोणी एकट्याने उघडू नये म्हणून त्यांनी शक्कल काढली होती. पासवर्डाचे चार तुकडे. थोरल्याने आपली तीन अक्षरं टाकायची, तोवर बाकीच्यांनी पाठ फिरवायची. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, मग धाकट्याने. सकाळी पेढी उघडायची तर चौघं हजर पाहिजेत. सुलभाताई म्हणाल्या, "आमच्यापेक्षा तुमचं एक्स्चेंज कडक आहे."

मशीन बदललं आणि तो पासवर्ड चालेना. कोण चुकतंय ते कळेना. एकमेकांवर संशय. जो तो म्हणे, मी माझं बरोबर टाकतो. म्हणून जुनी डिस्क घेऊन चौघंही जीपमधून आले.

मी पासवर्ड काढला आणि माझ्या लक्षात आलं की आता मॉनिटर फिरवायचा कोणाकडे? चौघांनी तर सगळा बघायचा नाही. एकाने दुसऱ्याचा तुकडा बघितला तर घरात महाभारत. तासभर खल झाला. शेवटी थोरला म्हणाला, "आईला आणू. तिला इंग्रजी काय, मराठीबी येत नाय वाचायला."

दुसऱ्या दिवशी आईला आणलं. ताठ म्हातारी, कपाळाला मोठं कुंकू. पुठ्ठ्याला तीन अक्षरांएवढं भोक पाडून तो त्यांच्या हातात दिला. त्या मॉनिटरपाशी पुठ्ठा धरून उभ्या. थोरला आत आला, भोकातून आपला तुकडा बघितला, मान डोलावली, बाहेर गेला. आईंनी पुठ्ठा पुढे सरकवला. दुसरा आला. असे चौघं झाले. धाकटा बघून बाहेर जाताना म्हणाला, "आपल्या मशिनीवर मीच एक अक्षर मोठं टाकत व्हतो वाटतं." ह्या सगळ्या वेळात मी कॅलेंडरासमोर. असा जीव जळत होता म्हणून सांगू!

चौघं खाली जीपकडे गेले. आई मागे राहिल्या. पुठ्ठा ताईंच्या हातात दिला आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "बाई, मला अक्षर येत नाय. पण त्या भोकातनं चारी बारीला सारखंच दिसत व्हतं."

"म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"चौघांचं एकच हाय," म्हातारी म्हणाली. "त्यांना नका सांगू."

आणि कठडा धरून हळूहळू जिना उतरून गेल्या. त्यांना हाताला धरायला खालून चौघंही वर धावले होते.

*

भोये गुरुजी जानेवारीत आले. सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावर चौथीला शिकवायचे. कॉम्प्युटरचा डबा घोंगडीत गुंडाळून जीपमध्ये मांडीवर घेऊन आले होते. व्होल्टेज एकदम वाढलं आणि मशीनमधून धूर निघाला.

"त्यात माझी यादी आहे," ते म्हणाले. "म्हणजे यादी ईमेलात आहे. पण ईमेलाचा पासवर्ड ह्याच्यात आहे. मी एकदाच टाकला, मग ते मला कधी विचारतच नव्हतं."

ताईंनी विचारलं, "कसली यादी?"

गुरुजींनी सांगितलं. भात, नागली घरात आली की दिवाळीनंतर त्यांच्याकडची माणसं टोळीने खाली उतरतात, द्राक्षबागेच्या कामाला. मुलंही सोबत जातात, कारण मागे ठेवायची कोणाजवळ? मोठी पोर धाकट्याला सांभाळते, तेवढंच आईला काम करता येतं. ह्या वर्षी चौथीची अकरा मुलं अशी गेली होती. फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा. गुरुजी दर जानेवारीत बागाबागांतून फिरून त्यांना परत न्यायचे आणि परीक्षा होईपर्यंत स्वतःच्या घरी ठेवायचे.

"पण बागा तर हजारो आहेत," मी म्हटलं.

"म्हणून यादी. पोरांचे बाप पिकअपमधून उतरले की रस्त्यावरच्या एसटीडीवरून मला फोन करतात. कुठे आहोत, कोणाचा मळा, जवळ खूण काय. मी लिहून ठेवतो."

"कागदावर नाही का ठेवायची?"

"ठेवत होतो. मुकादमाला आवडत नाही. पोर नेली की आई काम अर्धं करते. मागच्या साली माझी वहीच गेली. बिनयादीचा फिरलो. दोन पोरी सापडल्याच नाहीत."

"मग त्यांची परीक्षा?"

"परीक्षा गेली. एकदा अशी राहिली की पोर पुढच्या वर्षी शाळेत येतच नाही. तोवर तिला पण रोज मिळायला लागतो." गुरुजी हे अगदी साध्या आवाजात बोलत होते. "बारा दिवस आहेत."

मी डिस्क बघितली. आतली तबकडी ठीक असावी, पण खालचं सर्किटचं कार्ड जळून काळं पडलं होतं. तंतोतंत त्याच मॉडेलची दुसरी डिस्क मिळाली तर तिचं कार्ड काढून हिला लावता आलं असतं. तशी डिस्क आमच्याकडे नव्हती. एम. जी. रोडच्या सगळ्या दुकानांत विचारलं. नाही. ताईंनी मुंबईला, पुण्याला फोन लावले. गुरुजी म्हसरूळला भाच्याकडे उतरले होते. रोज दहा वाजता यायचे, बाकावर बसायचे आणि काही विचारायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

चौथ्या दिवशी ताई आल्या त्या हातात पुण्याचं पार्सल घेऊन. त्यांच्या एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणीने स्वतःच्या घरचा चालू कॉम्प्युटर उघडून आतली डिस्क पाठवली होती. मी विचारलं, "त्यांना काय सांगितलंत?"

"अकरा मुलं हरवलीत, एवढंच सांगितलं," ताई म्हणाल्या.

कार्ड बदललं. डिस्क फिरली. घरघर नाही, टकटक नाही. पासवर्ड निघाला. मॉनिटर गुरुजींकडे फिरवला आणि मी भिंतीकडे. गुरुजींनी लिहून घेतला, आमच्या इंटरनेटवर एका बोटाने टाकला. थोड्या वेळाने म्हणाले, "आहे. सगळी आहे."

ताई लगेच उठून चहा सांगायला गेल्या. त्या चहा सांगायला कधी स्वतः जात नाहीत.

मग गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही निफाडकडचे ना? इकडे या, जरा बघा. कुठून सुरुवात केली म्हणजे दोन दिवसांत सगळे मळे होतील?"

सहा वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी स्क्रीन बघायला बोलावलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो. गुरुजींनी काय सुरेख यादी केली होती! मुलाचं नाव, सोबत भावंड किती, कोणाचा मळा, आणि खूण. 'कालव्याच्या पुलानंतर उजवीकडे, पिवळी पाटी.' 'शाळेमागे, कुत्रा आहे.' मी कागदावर रस्ता काढायला लागलो. आधी दिंडोरीकडचे पाच, ते एका दिवसात होतील. मग पालखेडवरून खाली. सहा, सात, आठ एकाच शिवारात होते. गुरुजी प्रत्येक नावाला मान हलवत होते.

नऊ नंबरला मी खूण आधी वाचली. 'विहिरीजवळ निळी टाकी. दारात दोन नारळ.' ती टाकी मागच्या उन्हाळ्यात मीच नाशकाहून पाठवली होती. मग मालकाचं नाव वाचलं. माझा थोरला भाऊ.

"हा कुठे आला?" गुरुजींनी विचारलं.

दर रविवारी मी घरी जात होतो. दादाच्या बागेत मण्यांची विरळणी चालली होती, सुरगाण्याकडची चार-पाच कुटुंबं शेडजवळ राहत होती. एक मुलगी होती त्यांच्यात. कडेवर धाकटा भाऊ असायचा. गेल्या रविवारी मी पाणी मागितलं तेव्हा तिनेच तांब्या आणून दिला होता.

"साहेब, नववा मळा?" गुरुजी पेन धरून थांबले होते.

"तो लिहू नका," मी म्हटलं. "तिथे मी जातो."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, आणि पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरसायकलवर निघालो. दादा ट्रॅक्टरवर होता, मला बघून म्हणाला, "आज कसा काय? आज तर बुधवार." मी गाडी स्टँडला लावली आणि शेडकडे गेलो. ती टाकीच्या सावलीत बसली होती. भाऊ मांडीवर झोपला होता. मला बघून ती उठायला लागली, पाणी आणायला. मी म्हटलं, "बस, बस." तिचं नाव माझ्या खिशातल्या कागदावर लिहिलेलं होतं. तरीही मी उकिडवा बसलो आणि तिला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

दिवाळीपासून ती आमच्या मळ्यावर होती. तिने भावाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "गुरुजींनी धाडलं का?"